कावळा, फांदी आणि पंतप्रधान

गेल्या चवथीत गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात, देवळाच्या सभामंडपात, वादविवाद स्पर्धा होती. परीक्षक म्हणून मला धरून नेलं. विषय होता, ‘देशाची आर्थिक स्थिती पंतप्रधानांवरच अवलंबून असते’. उच्च माध्यमिकची मुलं, तयारी दांडगी. एकाने ऑगस्ट २०१३ मधला अडुसष्टच्या पार गेलेला रुपया काढला, समोरच्याने २०२२ मधला ऐंशीच्या पार गेलेला. एकीने २००८ च्या आधीची आठ-नऊ टक्के वाढ मांडली, दुसरीने नवे महामार्ग आणि मोबाइलवरून चालणारे पैशांचे व्यवहार. पेट्रोलचा दर तर दोन्ही बाजूंनी आला, फक्त साल वेगळं. मुलांना मी दोष देत नाही. घरी टीव्हीसमोर बसलेली मोठी माणसं वेगळं काय करतात? आकडा उचलायचा, त्या साली खुर्चीवर कोण होतं ते बघायचं, आणि तो आकडा त्याच्या कपाळावर चिकटवायचा. आपला माणूस असेल तर टिळा, दुसऱ्याचा असेल तर डाग. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण कावळ्याला पक्षाचं चिन्ह लागलं की आपण ते विसरतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एखाद्या वर्षाचा विकासदर, रुपयाचा भाव, महागाई यांचं श्रेय किंवा खापर आपण पंतप्रधानांच्या खात्यावर जेवढं मांडतो, त्यातला मोठा हिस्सा त्यांचा नसतोच. पण म्हणून ते सुटत नाहीत. त्यांचा हिशोब दुसऱ्या वहीत आहे. पाऊस, तेलाचा भाव, परदेशातली मागणी, कुठलंतरी युद्ध हे सगळं बाहेरून येतं. जे आलं त्याचं त्यांनी काय केलं, हे त्या वहीत लिहिलेलं असतं. ती वही दोन्ही बाजूंचे समर्थक उघडत नाहीत, कारण तिथे टाळ्या मिळत नाहीत.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. लोहखनिजाच्या खाणपट्ट्यातल्या एका बँकेच्या शाखेत कर्जाच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. २००४ ते २०११ हा काळ ज्याने डिचोली-साखळी-उसगावच्या रस्त्यांवर पाहिला नाही, त्याला तो सांगून कळायचा नाही. आज खनिजाच्या किती ट्रिपा झाल्या, यावर घराघरांतलं बोलणं चालायचं. काजूची बाग तारण ठेवून पहिला ट्रक, पहिल्याच्या कमाईवर दुसरा, मेहुण्याच्या नावावर तिसरा. ट्रकांच्या कपाळावर ‘श्री सातेरी प्रसन्न’, ‘श्री दत्तगुरू कृपा’, आणि रस्त्याकडेच्या तुळशीवर लाल धूळ. हप्ते इतके वेळेवर यायचे की स्मरणपत्रांचे छापील कागद पडून पिवळे झाले. आमच्या मॅनेजरसाहेबांचा वरच्या कार्यालयाने सत्कार केला. वसुलीतली शिस्त आणि कर्जदाराची पारख या विषयांवर ते इतर शाखांना भाषणंही देऊन आले. आम्हा कारकुनांनाही वाटायला लागलं, आपल्यात काहीतरी आहे बुवा.

मग १० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आपला आदेश दिला. तीच शाखा, तेच साहेब, तीच पारख. काही महिन्यांत थकबाकीदारांच्या यादीला कागद पुरेना. ‘कर्जं देताना डोळे मिटले होते का?’ अशी वरून विचारणा आली आणि साहेबांची बदली झाली. सत्कार आणि बदली यांच्या मधल्या काळात त्यांनी कामाची पद्धत तसूभरही बदलली नव्हती.

आमचा खरा मॅनेजर बीजिंगला बसत होता. गोव्याचं खनिज तसं हलकं, त्यात लोखंडाचं प्रमाण कमी. जी माती पूर्वी टाकाऊ म्हणून डोंगराएवढे ढीग घालून ठेवली होती, ती चीनच्या पोलाद कारखान्यांनी उचलायला सुरुवात केली. २००८ च्या मंदीत सगळं कोसळेल असं वाटत होतं. तेव्हा त्या नोव्हेंबरात चीनने ४ लाख कोटी युआनचं पॅकेज जाहीर केलं. तिथे रस्ते, पूल, इमारती उभ्या राहू लागल्या आणि इथे मांडवीतून बार्ज पुन्हा रांगेने मुरगाव बंदराकडे निघाले. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांच्या घरात खनिज बाहेर गेलं. २०११ च्या सुरुवातीला टनाला १८० डॉलरच्या वर गेलेला जागतिक भाव २०१५ सरता सरता ४० डॉलरच्या आसपास आला. म्हणजे न्यायालय मध्ये पडलं नसतं तरी आमच्या साहेबांची पारख दोन-तीन वर्षांत उघडी पडलीच असती.

मग साहेब निर्दोष? नाही. एकाच काजूच्या बागेवर तीन ट्रकांची कर्जं मंजूर केली, ती त्यांनी. खाण बंद पडली तर हा माणूस हप्ता कशातून भरेल, हा प्रश्न अर्जाच्या नमुन्यात नव्हता आणि त्यांनी तोंडी विचारला नाही. कागद मीही पुढे सरकवले, त्यामुळे त्यांच्यासोबत माझंही नाव घ्यायला हवं. गंमत अशी की त्यांचा सत्कार झाला तो न केलेल्या कामासाठी, आणि बदली झाली तीही न केलेल्या गुन्ह्यासाठी. केलेल्या चुकीबद्दल, म्हणजे त्या तिसऱ्या ट्रकाबद्दल, त्यांना कोणी कधी विचारलं नाही. पंतप्रधानांच्या बाबतीत आपण नेमकं हेच करतो.

गोवा लहान आहे, म्हणून इथे बाहेरचा हात लगेच दिसतो. आणि इतिहासाने आमच्यावर एक प्रयोगच करून ठेवला आहे: एकच माती, बाहेरचं गिऱ्हाईक आणि वेगवेगळे राज्यकर्ते. आमच्या घरातल्या वृद्ध माणसांना पोर्तुगीज काळातली स्वस्ताई आठवायची. परदेशी बिस्किटांचे डबे, घड्याळं, कापड, आणि ज्यांना चालायची त्यांच्यासाठी स्कॉच. भारताने १९५४-५५ मध्ये आर्थिक नाकेबंदी केली तरी दुकानं भरलेली होती, याचं श्रेय ते सालाझारला देत. सालाझार मुळात कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक, १९२८ पासून पोर्तुगालचा अर्थमंत्री, १९३२ पासून पंतप्रधान. शिस्तीचा, काटकसरीचा अशी ख्याती. पण गोव्यातली दुकानं त्या शिस्तीने भरली नव्हती. महायुद्धात बेचिराख झालेला जपान आपले पोलाद कारखाने पुन्हा उभे करत होता, त्याला खनिज हवं होतं, आणि ते डिचोली-सांग्याच्या डोंगरांत होतं. पैसा तिकडून येत होता. सालाझारची स्वतःची कामगिरी कोणती? खाणींच्या सनदा त्याच्या राजवटीने कायमच्या देऊन टाकल्या आणि खेड्यांत शाळा काढायचं मनावर घेतलं नाही.

१९६१ ला गोवा मुक्त झाला. जपानी जहाजं येतच राहिली. त्यांना बंदरावर कोणता झेंडा फडकतो याच्याशी कर्तव्य नव्हतं. १९६३ च्या निवडणुकीनंतर भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, ते स्वतः खाणमालक. त्यांच्या काळात जी बरकत आली तिच्यातला खनिजाचा भाग त्यांनी निर्माण केला असं म्हणणं म्हणजे भक्ती झाली. पण गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, १९६४ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला, हे जपानने केलं नाही. माझ्या पिढीतली अर्धी माणसं त्या शाळांमधून बाहेर पडली. तेच खनिज, तोच जपान. एकाच्या वहीत कायमच्या सनदा, दुसऱ्याच्या वहीत शाळा. दोघांच्या काळातले निर्यातीचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर या फरकाचा पत्ताही लागणार नाही.

शांतिपर्वात युधिष्ठिराला भीष्म सांगतात की काळ राजाला घडवतो की राजा काळाला, असा संशयच ठेवू नकोस. ‘राजा कालस्य कारणम्’. आपल्याकडच्या राजकीय भाषणांत हे वचन इतक्यांदा येतं की ऐकणाऱ्याला त्यात काही प्रश्न होता हेही आठवत नाही. पितामहांच्या वयाचा मान राखून मी म्हणेन, हा उपदेश राजाला करण्यासाठी उत्तम आहे. जबाबदारी झटकू नकोस, असं त्याला सांगायलाच हवं. पण प्रजेने तो शब्दशः घेतला की घोटाळा होतो. राजाने ‘सगळं माझ्यामुळे’ असं समजून काम करावं. प्रजेने मात्र ‘यातलं नेमकं किती तुझ्यामुळे?’ असं विचारावं.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं. नेत्यांमुळे फरक पडतो, हे सिद्ध झालेलं आहे. बेंजामिन जोन्स आणि बेंजामिन ओल्केन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक हुशारीचा अभ्यास केला. पदावर असताना आजाराने किंवा अपघाताने अचानक गेलेले राष्ट्रप्रमुख त्यांनी घेतले. असा मृत्यू अर्थव्यवस्थेला विचारून येत नाही, त्यामुळे माणूस बदलल्याचा परिणाम तेवढा वेगळा काढता येतो. देशाच्या वाढीचा वेग खरोखर बदलतो, असं त्यांना आढळलं. पण त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग क्वचितच सांगितला जातो: हा परिणाम हुकूमशहांच्या बाबतीत ठळक दिसतो, लोकशाहीतल्या नेत्यांच्या बाबतीत फिका. जिथे संसद, न्यायालय, रिझर्व्ह बँक, राज्य सरकारं, वर्तमानपत्रं असं सगळं आडवं येतं, तिथे एकट्या माणसाच्या हातात घडवणं आणि बिघडवणं दोन्ही कमी उरतं. ‘खंबीर नेता हवा’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

दुसरी गोष्टही मला मान्य करावी लागते. बिघडवणं सोपं आणि झटपट असतं, घडवणं अवघड आणि सावकाश. श्रीलंकेत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली. भाताचं पीक आपटलं, नोव्हेंबरात माघार घ्यावी लागली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये देशाने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. करोनाने पर्यटन बसलं होतं हे खरं, पण खतबंदी करोनाने केली नव्हती. आपल्याकडे ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी हा तसाच उघड, सहीशिक्क्याचा निर्णय. चलनातल्या ८६ टक्के रकमेच्या नोटा एका रात्रीत बाद झाल्या. रिझर्व्ह बँकेच्याच हिशोबाने ९९.३ टक्के परत आल्या. ते पन्नास दिवस मी काउंटरवर होतो. गोव्यात पर्यटनाचा मोसम नुकता लागला होता, मासळी बाजारात उधारीच्या चिठ्ठ्या फिरत होत्या, आणि पूर्वी ट्रकाचे हप्ते भरायला येणारा माणूस आता स्वतःच्याच खात्यातले दोन हजार काढायला उन्हात उभा होता. याचा जाब पंतप्रधानांना विचारायचा, दुसऱ्या कोणाला नाही. तसाच, निर्णय चांगला निघाला असता तर हारही त्यांनाच घालावा लागला असता. इथे कावळा-फांदीचा प्रश्नच येत नाही; फांदी करवतीने कापलेली सगळ्यांनी पाहिली.

पण असे करवतीचे प्रसंग थोडे. बाकी वेळी आकडा आणि काम यांचा मेळ बसत नाही, आणि कधी कधी तर उलटा बसतो. १९९१ घ्या. आखाती युद्धाने तेल महागलं, परकीय चलन आटत आटत दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. मे महिन्यात चंद्रशेखर सरकारच्या काळात २० टन सोनं बाहेर गेलं, जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी जवळपास ४७ टन गहाण टाकलं. त्याच जुलैमध्ये रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं आणि २४ तारखेला मनमोहन सिंगांनी उदारीकरणाचा तो अर्थसंकल्प मांडला. त्या वर्षीचा विकासदर किती? दीड टक्क्याच्याही खाली. आमच्या सभामंडपातल्या पद्धतीने निकाल लावायचा तर नरसिंह राव हे देशाच्या सर्वांत नालायक पंतप्रधानांपैकी एक ठरतात. आणि जास्त श्रेय द्यायचं तरी अडचण आहे. उद्योगांवरची परवाना पद्धत मोडायला हवी, याचे कागद दिल्लीच्या खात्यांतून आधीपासून फिरत होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी दारात उभा होता. सोनं गहाण टाकायची नामुष्की आदल्या सरकारने अंगावर घेतली होती. मग रावांचं स्वतःचं काय? बहुमत नसताना त्यांनी त्या कागदांवर सह्या होऊ दिल्या, अर्थमंत्र्याला पाठीशी घातलं आणि संसदेत सरकार टिकवलं. एवढंच, आणि ते थोडं नाही. त्यांच्या शेवटच्या वर्षांत वाढ सात टक्क्यांच्या आसपास गेली, आणि १९९६ मध्ये ते हरले.

अमेरिकेत याहून सरळ उदाहरण आहे. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७९ मध्ये पॉल व्होल्कर यांना मध्यवर्ती बँकेवर नेमलं. व्होल्कर यांनी महागाई मोडण्यासाठी व्याजदर विसाच्या आसपास नेला, कारखाने बंद पडले, लोक चिडले आणि १९८० मध्ये कार्टर पडले. औषध लागू पडलं ते रेगन यांच्या काळात. १९८३ पर्यंत महागाई तीन-साडेतीन टक्क्यांवर आली होती, आणि १९८४ मध्ये रेगन पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं जिंकले. रेगन यांनीही व्होल्कर यांना काम करू दिलं, त्याबद्दल त्यांना गुण द्यायलाच हवेत. पण माड लावणारा एक आणि नारळ पाडणारा दुसरा, हे कुळागरात, म्हणजे माडापोफळींच्या बागेत, आपल्याला समजतं ते मतदानकेंद्रात का समजू नये?

आपल्याकडे नारळाचा नाही, पण तेलाचा हिशोब तरी मांडू. २०११ ते २०१४ च्या मध्यापर्यंत कच्चं तेल बहुतेक काळ पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं. डिझेल-गॅस तोट्यात विकून तेल कंपन्यांची झालेली तूट २०१२-१३ या एका वर्षात १ लाख ६१ हजार कोटींवर गेली होती. त्याच सुमाराला, मे २०१३ मध्ये, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने पैसा आवरता घेण्याची नुसती भाषा केली आणि आपल्या रुपयाबरोबर ब्राझील, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका, तुर्कस्तान यांची चलनंही घसरली. ब्राझीलचा अर्थमंत्रीही मनमोहन सिंगच नेमत होते काय? मात्र आपला रुपया जरा जास्तच सोलून निघाला, कारण आयात-निर्यातीतली तूट आणि महागाई आपण आधीच वाढवून ठेवली होती. ते पाप घरचं, आणि त्याचं उत्तर त्याच सरकारने द्यायचं. २०१४ च्या मध्यानंतर मात्र वारा फिरला. जानेवारी २०१६ मध्ये तेल ३० डॉलरच्या खाली आलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये दिल्लीतल्या एका सभेत नरेंद्र मोदींनी, माझ्या नशिबाने भाव उतरले असतील तर कमनशिबी माणसाची काय गरज, अशा अर्थाचा टोला मारला होता. मला ते बोलणं एका अर्थी प्रामाणिक वाटतं. नशीब आहे असं कोणता नेता कबूल करतो? पण नशिबाने आलं त्याचं पुढे काय केलं, हा प्रश्न उरतोच. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अबकारी कर नऊ वेळा वाढवला. पेट्रोलवर लिटरमागे ११ रुपये ७७ पैसे, डिझेलवर १३ रुपये ४७ पैसे. तेल उतरलं ते नशिबाने, पंपावर त्या मानाने उतरलं नाही ते निर्णयाने. त्या पैशातून तूट कमी केली, रस्ते बांधले, असं समर्थन करता येतं आणि त्यात तथ्य आहे. ग्राहकाचा वाटा गिळला, अशी टीका करता येते आणि तिच्यातही तथ्य आहे. हाच खरा वाद आहे. तो मी सभामंडपात ऐकला नाही, आणि टीव्हीवरही फारसा नाही.

आमच्या मनोहर पर्रीकरांचं उदाहरण इथे आठवतं. एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी पेट्रोलवरचा कर जवळपास शून्यावर आणला. लिटर ११ रुपयांनी स्वस्त झालं. निखळ त्यांचा निर्णय, जाहीरनाम्यात लिहिलेला, पाळलेला. पाचच महिन्यांत खाणी थांबल्या आणि तिजोरीचा एक मोठा झरा आटला; पुढे तो कर हळूहळू परत चढला. स्वस्त पेट्रोलचं कौतुक करताना कोणी विचारलं नव्हतं की हे चीनच्या भरवशावर तर चाललेलं नाही ना.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो आणि तो हलका नाही. ‘तुम्ही सगळं वाऱ्यावर आणि पावसावर घातलंत की नेत्यांना आयतीच पळवाट मिळते. उद्या जो तो जागतिक परिस्थितीकडे बोट दाखवेल.’ पण आज काय होतं? चांगल्या वर्षी नेता पोस्टरवर असतो आणि वाईट वर्षी जागतिक परिस्थिती. पळवाट आहे ती आकड्यावर निकाल लावण्याच्या सवयीत, कारण आकड्याला नेहमी दुसरं कारण सापडतं. निर्णयाला सापडत नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात पाऊस पडला नाही, तो काही व्हाइसरॉय लिटन यांनी अडवला नव्हता. पण लोक मरत असताना धान्याची जहाजं इंग्लंडला जात राहिली, १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरला, आणि लिटन यांनी दुष्काळाच्या कामावर पाठवलेल्या रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या माणसाचं दिवसाचं धान्य एका पौंडापर्यंत खाली आणलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने पावसाबद्दल तक्रार केली नाही, या मजुरीबद्दल केली; गावोगावची माहिती गोळा करून, आकडे मांडून केली. शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, पाऊस पुन्हा रुसला. महाराष्ट्रात वसंतराव नाईकांचं सरकार होतं. लाखो माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली, मिलो (बाहेरून आणलेली लाल ज्वारी) आणि सुकडी यांची चव एका पिढीच्या जिभेवर कायमची राहिली. पण १८७७ झालं नाही, आणि त्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहून १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शेतीच्या उत्पन्नाचे आकडे दोन्ही वेळी भयाण. निकाल आकड्यांवर लावला असता तर लिटन आणि नाईक एका पंगतीत बसले असते.

‘सामान्य मतदाराला एवढी वही चाळायला वेळ कुठे आहे? बरं चाललं तर ठेवा, वाईट चाललं तर काढा, हा नियम पुरेसा आहे’, असंही म्हणतात. पुरेसा वाटतो खरा. पण २००२ मध्ये पाऊस एकोणीस टक्के कमी पडला, २००३ मध्ये बरा पडला, शेतीने उसळी घेतली आणि वाढ आठ टक्क्यांच्या घरात गेली; तेवढ्यावर वाजपेयी सरकारने ‘इंडिया शायनिंग’ची पताका लावून मुदतीआधी निवडणूक घेतली. सरकारच स्वतःला या नियमाने मोजायला लागलं की ते पाऊस बघून तारखा ठरवतं. आणि ज्या कामाची फळं दहा वर्षांनी येतात, त्यासाठी वाजपेयींच्याच महामार्ग योजनेचं उदाहरण देता येईल, त्याला त्या हिशोबात जागाच नसते. शिवाय आकडाही वाटतो तेवढा पक्का नसतो. २०१०-११ ची वाढ आधी १०.३ टक्के होती. नव्या पद्धतीने मागचा हिशोब केला तेव्हा २०१८ मध्ये ती ८.५ झाली. त्यावर केवढं रण माजलं! आठ वर्षांपूर्वीचं श्रेय कागदावर पावणेदोन टक्क्यांनी घसरलं, आणि त्या वर्षी आमच्या शाखेत भरलेला एकही हप्ता त्याने कमी झाला नाही.

खाणींबद्दल गोव्यात आजही दिल्लीचं नाव घेऊन भांडण होतं. २०१२ मध्ये काँग्रेसने बंद केल्या, २०१८ मध्ये भाजपने, असं दोन्हीकडून ऐकू येतं. भाव चीनने ठरवला, खाणी आधी राज्य सरकारने थांबवल्या आणि बंदी पक्की केली न्यायालयाने. दोन्ही पंतप्रधान त्या नाटकात जवळजवळ विंगेतच होते. निर्णयांची वही मात्र इथेच, पणजीत होती. भाडेपट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्ये संपली होती, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. मधली पाच वर्षं खनिज निघत राहिलं, आणि त्या पाच वर्षांत सत्तेत कोण, विरोधात कोण, कोणाच्या घरी किती ट्रक, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यानंतर लिलाव सक्तीचा करणारा वटहुकूम येण्याच्या तोंडावर ८८ पट्ट्यांचं घाईघाईने नूतनीकरण झालं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने तेही रद्द केलं. नॉर्वेने १९९० मध्ये तेलाच्या पैशाचा निधी कायद्याने उभा केला, पुढच्या पिढ्यांसाठी. आमच्याकडे खनिजाच्या विक्रीतले दहा टक्के कायम निधीत ठेवा, असं सांगायला २०१४ मध्ये न्यायालयाला लागलं, तोपर्यंत तेजी ओसरून गेली होती.

स्पर्धा संपल्यावर आयोजकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. गुण मी एका मुलीला दिले होते; तिची बाजू हरली होती, पण रुपयाबद्दल बोलताना तिने निदान ‘इतर देशांच्या चलनांचं त्या वेळी काय झालं ते बघावं लागेल’ असं एक वाक्य टाकलं होतं. भाषण करायचं मी टाळलं आणि समोर बसलेल्या मोठ्या माणसांना एकच विचारलं. २०१०-११ च्या तेजीत या गावातून किती टन माती गेली, आणि तिच्या पैशातलं गावाकडे आज काय उरलं आहे? कोणीतरी म्हणालं, पंचायतीचा हॉल. मागून दुसऱ्याने दुरुस्ती केली, हॉल आमदारनिधीतला. पहिल्या रांगेत माझा एक जुना कर्जदार बसला होता, तिसऱ्या ट्रकवाला. तो माझ्याकडे बघून हसला आणि मान खाली घालून माटोळीतून, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीतून, गळून पडलेली एक सुपारी बोटांत फिरवत राहिला. तेवढ्यात भटजींनी आरतीची घंटा वाजवली आणि सगळे उठले.